पाच व्होल्टची वाट : प्रस्तावना

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या उपकरणांशी संवाद साधणाऱ्या पिना एकाच चिपमध्ये सामावून घेणारा छोटासा संगणक. हौशी मंडळी ज्याला नुसते ‘बोर्ड’ म्हणतात तो म्हणजे या चिपभोवती व्होल्टेज स्थिर राखणारा रेग्युलेटर, यूएसबीची जोडणी, घड्याळाचा क्रिस्टल आणि वायरी खोचण्यासाठी पिनांच्या रांगा बसवून नवशिक्याच्याही हाताला येईल असे केलेले छापील सर्किट. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ मध्ये आर्डुइनोचा जन्म झाला आणि २०१० मध्ये त्याचा ‘उनो’ हा सर्वाधिक ओळखीचा बोर्ड आला. पुढे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची वायफाय असलेली ईएसपी८२६६ ही चिप २०१४ च्या सुमारास हौशी लोकांच्या हाती पडली, तिच्यामागून २०१६ मध्ये ईएसपी३२ आणि २०२१ च्या जानेवारीत रास्पबेरी पाय पिको आला. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅब उभारल्या, तेव्हापासून हे बोर्ड शाळकरी मुलांच्याही ओळखीचे झाले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते रेझिस्टर-कपॅसिटरइतक्याच सहजतेने काउंटरवर मिळू लागले.

या प्रसाराबरोबर एक ठरावीक तक्रारही सर्वत्र ऐकू येऊ लागली. टेबलावर नीट चालणारा प्रकल्प मोटर जोडताच थांबतो, वायफाय सुरू होण्याच्या क्षणी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून चालू होतो, सेन्सर अधूनमधून अशक्य आकडे दाखवतो, किंवा लॅपटॉपवर बिनतक्रार चालणारी मांडणी अॅडॅप्टरवर नेताच बिघडते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी प्रोग्रामकडे जातो. यात नवल नाही, कारण प्रोग्राम डोळ्यांसमोर असतो, तो बदलायला पैसे पडत नाहीत आणि प्रत्येक बदलानंतर काहीतरी वेगळे घडल्याचा भासही होतो. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका अशी, की या तक्रारींपैकी फार मोठ्या वाट्याचे मूळ वीजपुरवठ्यात असते, आणि ते सापडत नाही याचे कारण पुरवठ्याकडे अॅडॅप्टरवर छापलेला आकडा म्हणून पाहिले जाते. त्या आकड्यापासून चिपच्या पिनेपर्यंतचा प्रवास, त्यातला प्रत्येक सांधा आणि त्या प्रवासात भाराच्या क्षणी गळून जाणारे व्होल्टेज हाच या शास्त्राचा खरा विषय आहे. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला धरणात किती पाणी आहे हे सांगून भागत नाही, त्याच्या शेतात पाळीच्या दिवशी किती पोचले हे पाहावे लागते. येथेही नेमके तेच आहे.

वीज पूर्णपणे गेलेला बोर्ड हा निदानाच्या दृष्टीने सर्वांत सोपा प्रकार होय. त्याचा दिवा लागत नाही, संगणक त्याला ओळखत नाही, आणि शोध तुटलेल्या केबलीपाशी, उलट जोडलेल्या बॅटरीपाशी किंवा कुठल्यातरी शॉर्टपाशी लवकर येऊन थांबतो. खरी अडचण अर्धवट विजेची आहे. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपच्या माहितीपत्रिकेनुसार १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर बिनचूक काम करण्यासाठी तिला साधारण ३.८ व्होल्ट लागतात. उलट, व्होल्टेज ठरावीक पातळीखाली उतरले की चिपला रीसेटमध्ये धरून ठेवणारी जी अंतर्गत सोय असते, जिला ब्राउनआउट डिटेक्टर म्हणतात, ती उनोमध्ये मुळातच २.७ व्होल्टला लावलेली असते. म्हणजे २.७ ते ३.८ हा सुमारे एक व्होल्टचा पट्टा असा उरतो, की ज्यात चिप चालूही असते आणि ती बरोबर चालेल याची हमीही कोणी दिलेली नसते. या पट्ट्यात प्रोसेसर एखादी आज्ञा चुकीची वाचू शकतो, नको त्या ठिकाणी उडी मारू शकतो, आणि वीज गेल्यावरही माहिती जपून ठेवणाऱ्या ईईप्रॉम या मेमरीत कचरा लिहू शकतो. पुढे व्होल्टेज पूर्ववत झाले तरी तो कचरा तसाच राहतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पूर्ण पुरवठ्यावरसुद्धा प्रकल्प वेड्यासारखा वागतो आणि संशय अर्थातच प्रोग्रामवर जातो.

याहून शांत, म्हणूनच अधिक फसवा, असा एक दोष मोजमापात शिरतो. आर्डुइनो नॅनो या छोट्या बोर्डावर यूएसबीकडून येणारी वीज एका शॉट्की डायोडमधून जाते. डायोड म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा घटक. शॉट्की हा त्यातला कमी व्होल्टेज खाणारा प्रकार असला तरी काही दशांश व्होल्ट तोही घेतोच, आणि पाच व्होल्टच्या पिनेवर प्रत्यक्षात ४.६ ते ४.७ व्होल्टच दिसतात. सेन्सरकडून येणारे व्होल्टेज आकड्यात रूपांतरित करताना चिप सामान्यतः स्वतःच्या पुरवठ्यालाच मापदंड धरते. एलएम३५ हा तापमान सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट, पुरवठा ४.६ व्होल्ट असताना प्रोग्रामात मात्र ५ गृहीत धरले असतील तर उत्तर सुमारे ३२.६ अंश येते. प्रोग्राम बरोबर, सेन्सर बरोबर, जोडणी बरोबर, आणि तरीही खोलीचा उकाडा अडीच अंशांनी वाढलेला! अशा वेळी सेन्सर निकृष्ट आहे म्हणून दुसरा आणणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि दुसराही अर्थातच तेच सांगतो.

वाट कशी मोजावी हे समजण्यासाठी ईएसपी३२ च्या साध्या डेव्हलपमेंट बोर्डाइतके चांगले उदाहरण नाही, कारण त्यात जवळपास प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते, आणि तिचे मॉड्यूल ३.० ते ३.६ व्होल्टच्या दरम्यानच ठेवावे असे निर्मात्याचे सांगणे आहे. एरवी तिची भूक काही दहा मिलिअँपिअरची असते. पण वायफायचा रेडिओ जागा होऊन प्रक्षेपण करू लागला, की ती एकदम अडीचशेच्या घरात जाते आणि क्षणभर त्याहून वर झेपावते. म्हणूनच पुरवठा किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा असावा अशी एस्प्रेसिफची शिफारस आहे. आता लॅपटॉपच्या पोर्टावर भारासह ४.९ व्होल्ट आहेत आणि चिप ४०० मिलिअँपिअर ओढते आहे असे धरू. बाजारातल्या स्वस्त यूएसबी केबलीत विजेच्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात. अशा तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. प्रवाहाला जायला एक तार आणि परतायला दुसरी लागते, त्यामुळे एक मीटरच्या केबलीत सुमारे ०.४३ ओहम, दोन्ही टोकांचे संपर्क धरून अर्धा ओहम होतो, आणि ४०० मिलिअँपिअरला ०.२ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. उरलेल्या ४.७ मधून बोर्डावरचा शॉट्की डायोड साधारण ०.३५ व्होल्ट घेतो. ४.३५ व्होल्ट रेग्युलेटरच्या दारात पोचतात, आणि बहुतेक स्वस्त बोर्डांवर हा रेग्युलेटर एएमएस१११७ जातीचा असतो, ज्याला स्वतःचे काम करण्यासाठी आउटपुटपेक्षा सुमारे १.१ व्होल्ट जास्त इनपुट लागते. या किमान फरकाला ड्रॉपआउट म्हणतात. ३.३ मध्ये १.१ मिळवले की ४.४ होतात, आणि हातात ४.३५ आहेत. म्हणजे एक मीटरच्या, तुटलेली नसलेल्या, रोज मोबाइल चार्ज करणाऱ्या केबलीवरसुद्धा हा बोर्ड आपल्या मर्यादेच्या काठावर उभा असतो. केबल दोन मीटरची घेतली की आणखी ०.२ व्होल्ट जातात आणि चिपपाशी तीन व्होल्ट जेमतेम उरतात. त्यात जुना हब किंवा सैल झालेला कनेक्टर आला, की सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, ब्राउनआउट डिटेक्टर कार्यान्वित झाल्याची ती सुप्रसिद्ध ओळ उमटते आणि बोर्ड पुन्हा मुळापासून सुरू होतो. सुरू होताना तो परत वायफाय जागे करतो, व्होल्टेज परत कोसळते, आणि हे चक्र केबल बदलेपर्यंत चालू राहते.

या ओळीवर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे प्रोग्रामातल्या एका आज्ञेने तो डिटेक्टरच बंद करून टाकणे. हा उपाय चालतो असे वाटते, कारण रीसेट थांबतो. पण ईएसपी३२ मध्ये हा डिटेक्टर मुळात २.४३ व्होल्टच्या आसपास लावलेला असतो, म्हणजे मॉड्यूलच्या शिफारशीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक खाली. इतक्या खाली गेलेल्या पुरवठ्याची तक्रार करणाऱ्या एकमेव साक्षीदाराचे तोंड बंद करण्याला दुरुस्ती म्हणणे धाडसाचे आहे. पुढे त्याच बोर्डाच्या फ्लॅश मेमरीतील फाइली बिघडतात किंवा त्याला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रांत आडवे पट्टे येतात, तेव्हा त्या जुन्या आज्ञेची आठवण कोणालाही राहिलेली नसते.

उनोची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे व्होल्टेज कमी पडण्याऐवजी बहुधा जास्त होऊन बसते. त्याच्या गोल सॉकेटला ७ ते १२ व्होल्ट द्यावेत अशी शिफारस आहे, म्हणून पुष्कळजण घरात पडलेला १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लावून मोकळे होतात. उनोच्या जुन्या पिढ्यांवरचा रेग्युलेटर लिनिअर प्रकारचा असतो. तो जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो आणि उरलेले पुढे देतो. सॉकेटपाशी उलट जोडणीपासून बचाव करणारा डायोड ०.७ व्होल्ट घेतो, ११.३ व्होल्ट रेग्युलेटरपाशी येतात, त्यांतले ५ बाहेर जातात आणि ६.३ जळतात. प्रवाह २०० मिलिअँपिअर असेल तर ही उष्णता १.२६ वॉट होते, आणि नखाएवढ्या चिपला, तेही बोर्डावरच्या तुटपुंज्या तांब्याच्या आधाराने, ती बाहेर टाकणे जड जाते. आतले तापमान दीडशे अंशांच्या पलीकडे गेले की रेग्युलेटर स्वतःला बंद करतो, थंड झाला की पुन्हा चालू होतो. म्हणून काही मिनिटे व्यवस्थित चालून बंद पडणारा, थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारा आणि विदर्भातल्या मे महिन्यात अधिक वारंवार बंद पडणारा प्रकल्प दिसला, तर प्रोग्राम उघडण्यापूर्वी रेग्युलेटरजवळ बोट न्यावे. चटका बसण्याइतका तो तापलेला असेल तर शोध संपलाच. २०२३ मध्ये आलेल्या उनो आर४ मध्ये लिनिअर रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग प्रकारचा कन्व्हर्टर आला, जो जास्तीचे व्होल्टेज जाळण्याऐवजी वेगाने चालू-बंद करून रूपांतरित करतो, आणि त्यामुळे २४ व्होल्टपर्यंतचा पुरवठाही त्याला चालतो. पिकोनेही ही वाट आधीच धरली होती. त्याचा कन्व्हर्टर १.८ ते ५.५ व्होल्टमधून ३.३ व्होल्ट काढतो, म्हणजे गरजेप्रमाणे व्होल्टेज उतरवतो तसे चढवतोही. शाळा-महाविद्यालयांतल्या कपाटांत मात्र अजून जुने उनो आणि त्यांच्या नकलाच जास्त आहेत.

बोर्डाच्या स्वतःच्या भुकेपेक्षा त्याला जोडलेल्या गोष्टींची भूक बहुधा कितीतरी मोठी असते, आणि ती एकसारखीही नसते. एसजी९० ही चिमुकली सर्व्हो मोटर निवांत असताना जवळजवळ काही घेत नाही, पण हलायला सुरुवात करताना किंवा अडकल्यावर सहाशे-सातशे मिलिअँपिअर ओढते. नेहमीच्या निळ्या ५ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध ७० ओहम असल्याने तिला सुमारे ७१ मिलिअँपिअर लागतात, तर एटीमेगाच्या एका पिनेची कमाल मर्यादाच ४० मिलिअँपिअर आहे. डब्ल्यूएस२८१२बी हे रंगीत एलईडी पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे तीस दिव्यांच्या माळेला १.८ अँपिअर, ही माळ यूएसबीवर लावली की उनोवरचा ५०० मिलिअँपिअरचा, तापला की वाट अडवणारा आणि थंडावला की ती मोकळी करणारा पॉलिफ्यूज मध्ये येतो. माळ लाल रंगात चालते आणि पांढऱ्यात बंद पडते, याचे स्पष्टीकरण रंगांच्या कोडमध्ये शोधणे व्यर्थ आहे. हे सारे भार स्वतंत्र पुरवठ्यावर न्यावेत हा नियम प्रत्येक पुस्तकात असतो. पण दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचा सामाईक संदर्भ, एकमेकांना जोडावेत हे त्याच वाक्यात सांगितले नाही तर पहिला सल्ला निम्मा राहतो, कारण सामाईक संदर्भाशिवाय बोर्डाच्या ‘पाच व्होल्ट’ला सर्व्होच्या लेखी काहीच अर्थ उरत नाही.

कपॅसिटरविषयी येथे थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण हौशी वर्तुळात तो रामबाण उपाय मानला जातो. कपॅसिटर वीजभार साठवतो आणि अचानक वाढलेल्या मागणीच्या वेळी तो चटकन पुरवतो, एवढे खरे. किती वेळ पुरवतो हे मात्र साध्या गणिताने ठरते. ३०० मिलिअँपिअरची तूट एक मिलिसेकंद टिकणार असेल आणि तेवढ्या काळात ०.३ व्होल्टची घसरण चालणार असेल, तर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. रेडिओच्या झटक्यासाठी हा हिशेब उपयोगी आहे. सर्व्होची धाव शंभर मिलिसेकंद चालते असे धरले तर तेच गणित एक लाख मायक्रोफॅरड मागते, आणि तेथे कपॅसिटरचा विचार सोडून जाड वायर व सक्षम पुरवठा आणावा हे शहाणपणाचे. चिपच्या पायाशी लावला जाणारा, अंगावर १०४ असा आकडा छापलेला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हा तिसरा प्रकार. त्याचे काम चिपच्या आतल्या चालू-बंद क्रियेमुळे उठणारे अतिशय जलद झटके तिथल्या तिथे शोषण्याचे आहे, म्हणून तो पिनेपासून दूर, ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावला तर असून नसल्यासारखा होतो. शिवाय यूएसबीच्या नियमांनुसार उपकरणाने पोर्टावर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटर एकदम जोडू नये; हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट पाच व्होल्टवर बसवल्यावर लॅपटॉपचा पोर्ट बोर्ड लावताक्षणीच बंद होत असेल, तर दोषी तो उपायच असतो.

ब्रेडबोर्डविषयी एकच गोष्ट ठळकपणे नोंदवावी लागेल. पुष्कळ लांब ब्रेडबोर्डांवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असतात. रंगाची रेघ तेथे खंडित दिसते, पण ती खूण म्हणून कोणी पाहत नाही, आणि डावीकडच्या अर्ध्या भागातले सेन्सर चालतात व उजवीकडचे मुकाट बसतात. बारीक जंपर वायरी व झिजलेले स्प्रिंग मिळून प्रत्येक सांध्यावर जो अंश-अंश ओहम वाढवतात, तो सेन्सरच्या काही मिलिअँपिअरला जाणवत नाही, पण त्याच ग्राउंडच्या वायरीतून सर्व्होचा प्रवाह परतू लागला की सेन्सरचा शून्यच वर उचलला जातो.

बॅटरीच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज चौकोनी ९ व्होल्टच्या सेलविषयी आहे. धूर-सूचक किंवा मल्टिमीटर यांसारख्या अल्पाहारी उपकरणांसाठी तो उत्तम. पण त्याच्या पोटातला रोध कित्येक ओहमांपर्यंत जातो, त्यात स्वस्त कार्बन-झिंक प्रकार आणखी दुबळा, आणि मोटरगाडीच्या प्रकल्पात तो पहिल्या वळणालाच मान टाकतो. लिथियम-आयनच्या १८६५० सेलची अडचण वेगळी आहे. तो भरलेला असताना ४.२ आणि रिकामा होताना सुमारे ३ व्होल्ट देतो, त्यामुळे त्याच्यामागे एएमएस१११७ लावला तर भरलेल्या सेलवरही बोर्डाला ३.१ च्या आसपासच व्होल्ट मिळतात. तेथे कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटरच हवा. पॉवर बँक तर उलट्या कारणाने फसवते. अनेक पॉवर बँका भार फारच कमी झाला की मोबाइल भरून झाला असे समजून स्वतःला बंद करतात, आणि वीज वाचवण्यासाठी बोर्डाला झोपवणारा कसलेला प्रोग्राम नेमका त्यामुळेच कायमचा झोपतो.

यूएसबी-सी सॉकेटचे बोर्ड आल्यापासून एक नवा दोष पाहायला मिळतो. या जोडणीत उपकरणाने आपली ओळख ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी द्यायची असते. ती मिळाल्याशिवाय सी-प्रकारचा अॅडॅप्टर वीज सोडतच नाही. काही स्वस्त बोर्डांवर हे रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे जुन्या चौकोनी टोकाच्या केबलीवर बोर्ड चालतो आणि दोन्हीकडे सी टोक असलेल्या केबलीवर मेल्यासारखा पडून राहतो. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या संगणक-बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीत दोन रेझिस्टरांऐवजी एकच सामाईक ठेवल्याने काही केबलींवर तो सुरूच होत नसे, आणि पुढच्या आवृत्तीत ते सुधारावे लागले. तेव्हा ही चूक केवळ नकलाकारांची नाही.

निदानाचे मुख्य साधन म्हणजे साधा मल्टिमीटर, आणि त्याचा मुख्य नियम असा, की मोजमाप भार चालू असताना व भाराच्या जागी करावे. मोकळ्या अॅडॅप्टरवर मोजलेले व्होल्टेज जवळपास निरुपयोगी असते. ट्रान्सफॉर्मरचे जुने, अस्थिर प्रकारचे १२ व्होल्टचे अॅडॅप्टर तर मोकळे असताना सोळा-सतरा व्होल्टही दाखवतात. काळी दांडी पुरवठ्याच्या ग्राउंडवर ठेवून दुसरी पुढे पुढे सरकवण्याऐवजी प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांवर दोन्ही दांड्या ठेवल्या, म्हणजे अॅडॅप्टरच्या धन टोकापासून बोर्डाच्या धन पिनेपर्यंत आणि मग बोर्डाच्या ग्राउंडपासून अॅडॅप्टरच्या ग्राउंडपर्यंत, तर किती व्होल्टेज कोठे गळते ते थेट आकड्यात दिसते; परतीची वाट मोजायला मात्र बहुतेकजण विसरतात. मल्टिमीटरच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. स्वस्त डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन करतो, त्यामुळे एक मिलिसेकंदाची घसरण त्याला दिसत नाही आणि व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आणावा लागतो. प्रवाह मोजताना २०० मिलिअँपिअरच्या श्रेणीत त्याच्या आत एक ओहमच्या आसपास रोध असतो, म्हणजे मीटर जोडणे हेच ०.२ व्होल्टपर्यंतच्या घसरणीचे कारण बनते आणि मोजणीपूर्वी चालणारा बोर्ड मोजताना बंद पडतो. त्याची स्वतःची बॅटरी उतरली की कित्येक मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवू लागतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नाही त्यांच्यासाठी बोर्ड स्वतःच बरीच साक्ष देतो. एटीमेगामध्ये मागचा रीसेट कशामुळे झाला, वीज नव्याने आल्यामुळे, बटणामुळे, ब्राउनआउटमुळे की अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणाऱ्या वॉचडॉग टायमरमुळे, याची नोंद एका रजिस्टरमध्ये राहते. फक्त बूटलोडर, म्हणजे आपल्या प्रोग्रामाआधी चालणारा छोटा प्रोग्राम, ती पुसून टाकण्याआधी वाचली पाहिजे. ईएसपी३२ तर हे कारण सुरू होतानाच सांगतो. एटीमेगाच्या पोटात १.१ व्होल्टचा एक स्थिर संदर्भ असतो, आणि तो पुरवठ्याच्या मापाने मोजला की उलट गणिताने पुरवठ्याचे व्होल्टेज निघते. हा संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ असा बदलतो, त्यामुळे एकदा मीटरशी ताडून घ्यावे लागते, पण त्यानंतर बोर्ड स्वतःच्या उपाशीपणाची नोंद स्वतः ठेवू शकतो. याच वर्गातली एक गमतीची खूण म्हणजे पुरवठा काढून घेतल्यावरही मंदपणे जळत राहणारा दिवा. दुसऱ्या चालू उपकरणाच्या सिग्नलच्या वायरीतून येणारा प्रवाह चिपच्या पिनेजवळच्या संरक्षक डायोडमधून आत शिरून चिपला चोरवाटेने वीज पुरवत असतो. अशा बोर्डाला ‘बंद करून चालू’ केल्याचे समाधान खोटे असते, कारण तो कधी पूर्ण बंद झालेलाच नसतो.

शेतातल्या पंपाचा स्टार्टर किंवा घरातला पंखा रिलेने चालवणाऱ्यांना भेटणारा दोष वरच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही, कारण तेथे व्होल्टेज पुरेसे असते. स्टार्टरची कॉइल तोडताना रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते आणि तिचा विद्युत गोंगाट वायरींतून बोर्डापर्यंत येऊन त्याला रीसेट करतो. पंप चालू करताना काही होत नाही आणि बंद करताना होते, ही त्याची ओळख. संपर्काच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांची जोडी, अर्थात मेनसाठी प्रमाणित कपॅसिटर घेऊन, लावली की बहुधा तो शमतो. २३० व्होल्टच्या बाजूचे असे काम जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये, आणि या पुस्तकातील प्रयोगांची मांडणीही त्या बाजूला जाणीवपूर्वक टाळते.

पुरवठ्यावर इतका भर दिल्यानंतर उलट बाजूही मांडणे न्यायाचे ठरेल. एटीमेगा३२८पी मध्ये काम करायला फक्त दोन किलोबाइट रॅम असते, आणि प्रोग्रामाने ती ओलांडली की बोर्ड अगदी पुरवठा कोसळल्यासारखाच पुन्हा पुन्हा सुरू होतो. ईएसपी३२ ची बारा क्रमांकाची पिन तर दोन्ही जगांच्या सीमेवर आहे: बोर्ड सुरू होण्याच्या क्षणी ती बाहेरच्या जोडणीमुळे उच्च पातळीवर असली, तर चिप आपल्या फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते, मेमरी वाचता येत नाही आणि बोर्ड सुरूच होत नाही. मीटर बाहेरच्या सर्व पिनांवर बरोबर व्होल्टेज दाखवत राहतो. म्हणून पहिल्या प्रकरणात कोणत्याही मोजणीच्या आधी दोन साधे प्रयोग दिले आहेत. एकात प्रोग्राम तसाच ठेवून मोटर, रिले, दिव्यांची माळ असे भार एकेक करून सोडवायचे. दुसऱ्यात भार तसेच ठेवून फक्त पुरवठा बदलायचा, तोही केबलीसह. दोन्ही वेळा बोर्डाचे वागणे तिळमात्र बदलले नाही, तर पुरवठ्यावरचा संशय बाजूला ठेवून खुशाल प्रोग्राम उघडावा.